गरोदर मातेची प्रकृती आणि बाळाचा इसब



आपल्या घरांत एक प्रसंग वारंवार पाहावयास मिळतो. शब्बाथच्या संध्याकाळी मंडळी जमलेली असतात. चार महिन्यांचे बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असते. त्याचे गाल लालबुंद व खरखरीत झालेले असतात आणि ते आपला चेहरा आईच्या खांद्यावर सारखा घाशीत असते. कोणी वडीलधारी बाई आधी बाळाकडे पाहते, मग त्याच्या आईकडे पाहते आणि विचारते, "हा पोटात होता तेव्हा काय खाल्लं होतंस ग?"

विचारणारीच्या मनात वाईट काही नसते. परंतु चार महिने धड झोप न मिळालेल्या त्या मुलीच्या मनात हा प्रश्न काट्यासारखा रुतून बसतो. वांगे खाल्ले होते. शेंगदाणे खाल्ले होते. डोहाळे लागले तेव्हा आंबट, तिखट सर्वच खाल्ले होते. म्हणजे दोष आपलाच, असा हिशेब ती मनातल्या मनात मांडते.

आजच्या धड्यात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. गरोदरपणी आईची प्रकृती जशी असते तिचा बाळाच्या कातडीशी काही संबंध आहे काय? असल्यास किती? आणि मुख्य म्हणजे, त्यावर आपल्या हाती काय आहे?

१. इसब म्हणजे काय?

लहान मुलांच्या अंगावर उठणारी प्रत्येक पुळी म्हणजे इसब नव्हे. घामोळे उन्हाळ्यात येते व थंडाव्याने जाते. खरूज एकाकडून दुसऱ्याला लागते आणि घरातील सर्वांना खाजवावयास लावते. नायटा गोल कड्याच्या आकाराने पसरतो. इसब मात्र कोणाकडून कोणाला लागत नाही. तान्ह्या मुलात तो बहुधा गालांवर, कपाळावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूस दिसतो. मूल मोठे झाले की कोपराच्या व गुडघ्याच्या आतल्या घडीत जाऊन बसतो. कातडी कोरडी पडते, लाल होते, कधी पाणी सुटते आणि खाज एवढी असते की मूल रात्री जागे होते. बहुतेक मुलांना तो वयाच्या पाच वर्षांच्या आत सुरू होतो, पुष्कळांना तर पहिल्या वर्षातच. बरीचशी मुले मोठेपणी यातून सुटतात. काहींची कातडी जन्मभर हळवी राहते.

डॉक्टर ज्याला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात तो हाच विकार. हे नाव १९३३ साली न्यूयॉर्कच्या फ्रेड वाइज व मॅरियन सुल्झबर्गर या दोन डॉक्टरांनी रूढ केले. काही देशांत शंभर मुलांपैकी वीस मुलांना तो होतो, तेव्हा हा दुर्मिळ रोग नव्हे.

निरोगी कातडी ही विटांच्या भिंतीसारखी असते. विटा म्हणजे पेशी, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. इसब होणाऱ्या मुलाच्या भिंतीतला चुना कमी पडतो. आतला ओलावा बाहेर उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. शरीर त्यांच्याशी लढू लागते, त्या लढाईची लाली व खाज आपल्याला दिसते. कोकणच्या दमट हवेत ज्याची कातडी कशीबशी तग धरील, त्याच मुलाची कातडी बेअर शेवा किंवा दिमोना येथील कोरड्या वाऱ्यात फुटते, हे याच कारणाने.

२. आधी वारसा

आईच्या आहाराकडे बोट दाखविण्यापूर्वी घराण्याकडे पाहिले पाहिजे. इसब, दमा आणि सर्दी-शिंकांची ॲलर्जी ही तीन भावंडे आहेत. आईवडिलांपैकी एकाला यांतले काही असेल तर मुलाला इसब होण्याचा संभव वाढतो, दोघांना असेल तर अधिक वाढतो. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की कातडीची भिंत बांधणारे फिलाग्रिन नावाचे एक प्रथिन आहे, आणि ज्यांच्यात त्याची जनुके सदोष असतात त्यांना इसब होण्याचा धोका मोठा असतो. ही जनुके जशी आईकडून येतात तशीच बापाकडूनही येतात. तेव्हा सूनबाईला प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्या चिरंजीवांना लहानपणी दमा होता की नाही, हे सासूबाईंनी आठवून पाहावे!

३. आईच्या प्रकृतीचा भाग

वारसा हे सर्व काही नव्हे. मूल नऊ महिने ज्या घरात राहते त्या घराची हवाही त्याला लागते. आईच्या पोटातील दिवसांचा ठसा पुढे आयुष्यभर राहू शकतो हा विचार इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडला. आपल्या मराठी मुलखातही या विषयावर मोठे काम झाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी. तरीही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. हा अभ्यास इसबाचा नव्हता, मधुमेहाचा होता. परंतु आईचे पोषण बाळाच्या शरीराची घडण ठरविते, ही गोष्ट त्याने ठसठशीत केली.

आता इसबाकडे येऊ. गरोदरपणातील तीन गोष्टींचा संबंध मुलांच्या इसबाशी जोडला गेला आहे.

पहिली, गरोदरपणातील मधुमेह. २००९ साली अमेरिकेतील बोस्टनच्या अभ्यासात असे दिसले की पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांपैकी ज्यांच्या आयांना गरोदरपणी मधुमेह झाला होता त्यांच्यात इसबाचे प्रमाण अधिक होते. ही बाब आपण विशेष लक्षात ठेवावयाची आहे, कारण भारतीय वंशाच्या स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेह अधिक आढळतो. ब्रिटनमध्ये तर दक्षिण आशियातील घराण्यातून आलेली स्त्री म्हटली की ही तपासणी करावयाची, असा नियमच आहे. आपण इस्राएलात येऊन किती पिढ्या झाल्या तरी हा वारसा आपल्याबरोबर आला आहे.

दुसरी, गरोदरपणात वाढणारा रक्तदाब, आणि त्यातही ज्यात लघवीतून प्रथिने जातात व पाय-चेहरा सुजतो तो प्रीएक्लाम्प्सिया. डेन्मार्कमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लाखो मुलांच्या सरकारी नोंदी तपासण्यात आल्या. ज्या मातांना हा विकार दोन आठवडे किंवा अधिक काळ होता त्यांच्या मुलांत दमा, इसब व ॲलर्जी यांचे प्रमाण अधिक आढळले.

तिसरी, मनाची अवस्था. सतत चिंता किंवा खिन्नता यांनी ग्रासलेल्या गरोदर स्त्रियांच्या मुलांत इसब काहीसा अधिक आढळतो असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. दक्षिण कोरियातील २०१६ सालचा अभ्यास त्यांपैकी एक. या देशात ही गोष्ट कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर सायरन वाजताच पोट सावरीत मिक्लातकडे धावणाऱ्या गरोदर मुली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

हे घडते कसे? आईच्या पोटात बाळाची रोगप्रतिकारशक्ती प्रथमच आकार घेत असते. आईच्या शरीराने बाळाला परके समजून हाकलू नये म्हणून निसर्ग त्या काळात प्रतिकाराचा तराजू एका बाजूस झुकवून ठेवतो, आणि ती बाजू ॲलर्जीच्या जवळची असते. आईच्या रक्तात साखर फार झाली, रक्तवाहिन्यांत दाह माजला किंवा चिंतेचे रस सतत वाहू लागले तर तो तराजू अधिक झुकतो, असा तज्ज्ञांचा विचार आहे. चिंतेच्या काळात वाढणारा कॉर्टिसॉल हा रस बाळापर्यंत फार पोहोचू नये म्हणून वारेत एक द्वारपाल नेमलेला असतो. सततच्या ताणाने तो द्वारपालही थकतो.

४. संबंध आणि दोष यांत फरक

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. "अधिक आढळते" याचा अर्थ "होतेच" असा नव्हे.

एक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या गावी शंभर मुलांपैकी पंधरांना इसब होतो. आईच्या एखाद्या विकाराने धोका पावपट वाढला, तर पंधरांऐवजी सुमारे एकोणीस मुलांना होईल. म्हणजे तो विकार असलेल्या शंभर मातांपैकी एक्क्याऐंशी मातांची मुले स्वच्छ कातडीचीच राहतील. आणि ज्या मातांना काहीही विकार नव्हता त्यांच्यापैकीही पंधरांच्या मुलांना इसब होईल.

शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही. ज्या स्त्रीला स्वतःलाच इसब किंवा दमा आहे ती रात्र-रात्र जागते, खिन्न होते. मग तिच्या मुलाचा इसब तिच्या खिन्नतेतून आला की तिच्या जनुकांतून? संशोधक या गाठी सोडविण्याचा प्रयत्न करतात, पण सर्व गाठी सुटलेल्या नाहीत. तेव्हा "तुझ्या मधुमेहामुळे बाळाला इसब झाला" किंवा "तू रडत बसायचीस म्हणून असं झालं" असे कोणत्याही एका आईला म्हणण्याचा अधिकार शास्त्राने कोणालाही दिलेला नाही.

५. पथ्याची गोष्ट

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू: काय खाल्ले होतेस?

येथे एकट्या आमच्या आज्याच नव्हे, मोठमोठी सरकारेही चुकली आहेत. १९९८ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने सल्ला दिला की ज्या घराण्यात ॲलर्जी आहे तेथील गरोदर स्त्रियांनी शेंगदाणे टाळणे बरे. २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनीही अशाच प्रकारचा सल्ला दिला. पुढे पुरावा पाहता अमेरिकनांनी तो २००८ साली आणि ब्रिटिशांनी २००९ साली मागे घेतला. आईने गरोदरपणी अंडी, दूध, दाणे सोडल्याने मुलाचा इसब टळत नाही, उलट आईचे वजन पुरेसे न वाढण्याची भीती असते, असेच या विषयावरील चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांचे मत पडले.

आणि चूक उघडकीस येण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे! लंडनचे डॉ. गिडिऑन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील यहुदी मुले आणि इस्राएलातील यहुदी मुले यांची तुलना केली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलातील मुलांच्या सुमारे दहापट होती. तेथील मुले पहिल्या वर्षात दाण्याला शिवतही नव्हती, आणि येथील मुले दात येण्यापूर्वीपासून बांबा चघळत होती. मग त्यांनी चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांवर चाचणी केली. ही सर्व बाळे तीव्र इसबाची किंवा अंड्याच्या ॲलर्जीची होती. निम्म्यांना दाणे द्यावयाचे, निम्म्यांना वर्ज्य. मुले पाच वर्षांची झाल्यावर पाहिले तर वर्ज्य करणाऱ्यांत शंभरी सुमारे सतरा मुलांना दाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे तीन मुलांना. हा निकाल २०१५ साली जाहीर झाला आणि जगभर सल्ला बदलला.

या चाचणीने दाण्याची ॲलर्जी टळली, इसब बरा झाला नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याला प्रथम दाणे देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि अख्खा दाणा लहान मुलाच्या हाती कधीही देऊ नये, तो घशात अडकतो.

यातून एक मोठा नियम निघाला. अन्न तोंडावाटे आले तर शरीर त्याच्याशी मैत्री करते, फुटलेल्या कातडीवाटे शिरले तर वैर धरते.

६. तेलाविषयी थोडेसे

हा नियम आपल्या न्हाणीघरापर्यंत येतो. आपले पूर्वज कोकणात घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेव्हा बाळाला तेल लावू नका असे आम्ही म्हटले तर वाचक रागावतील. पण कोणते तेल, हा प्रश्न रास्त आहे.

येथे आल्यावर पुष्कळ घरांत खोबरेल जाऊन ऑलिव्हचे तेल आले. स्वयंपाकात ते उत्तम. परंतु इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढ माणसांच्या कातडीवर ते लावून पाहिले, तेव्हा कातडीची भिंत दुबळी झाली. उलट खोबरेल तेलाने सौम्य ते मध्यम इसबाच्या मुलांना लाभ झाल्याचे फिलिपाईन्समधील २०१४ सालच्या चाचणीत दिसले. म्हणजे या एका बाबतीत कोकणची आजी बरोबर होती. मात्र डाळीचे पीठ लावून अंग खसाखसा चोळणे हे इसबाच्या बाळाला सोसत नाही. कातडी सोलते, आणि वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे अन्नाचा अंश नको त्या वाटेने आत जातो. कातडी फुटून पाणी सुटले असेल तर कोणतेच तेल नको, डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे.

७. मग करावे काय?

गरोदर भगिनींनी:

(१) साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान न चुकता करावी. ते गोड पाणी पिववत नाही म्हणून टाळू नये. मधुमेह निघाल्यास घाबरू नये. आहार, चालणे व लागल्यास औषध यांनी तो आटोक्यात राहतो.

(२) रक्तदाब दर भेटीत पाहवून घ्यावा. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, चेहरा एकाएकी सुजणे, यांपैकी काही झाल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

(३) ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांशी बोलावे. ब्रिटनमधील एका चाचणीत मातांनी चौदाव्या आठवड्याच्या सुमारापासून बाळंतपणापर्यंत रोज १००० युनिट घेतले, तेव्हा त्यांच्या मुलांत पहिल्या वर्षी इसब कमी दिसला. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या व चौथ्या वर्षी मात्र तो फरक ठामपणे टिकला नाही. तेव्हा लाभ आहे, पण चमत्कार नाही.

(४) मन खिन्न असेल तर सांगावे. टिपत हालावमध्ये नर्सबाई दहा प्रश्नांचा कागद पुढे करतात. त्यावर "सर्व ठीक" असे भरून देण्याची आपल्या मुलींना सवय आहे, कारण घरची गोष्ट बाहेर नको. आम्ही आग्रहाने सांगतो, तेथे खरे लिहावे.

(५) चौरस आहार घ्यावा. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून अंडी, दूध, दाणे, मासे सोडू नयेत. मासळीशिवाय तर आपले जेवणच नाही!

ही सर्व काळजी बाळाच्या कातडीसाठी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब व खिन्नता हे आईचे स्वतःचे आजार आहेत आणि ते तिच्यासाठीच बरे केले पाहिजेत. बाळाची कातडी सुधारली तर तो वरचा लाभ समजावा.

बाळाला इसब झाल्यास:

(१) आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांची. साबण अगदी थोडा. पंचाने टिपावे, घासू नये.

(२) अंग ओलसर असतानाच साधे, सुवासाविना मलम भरपूर लावावे. व्हॅसलीन स्वस्त आहे व चांगले आहे. इसब झाल्यावर याचा उपयोग निश्चित आहे. निरोगी बाळाला आधीपासून मलम लावून इसब टळतो काय, यावर मात्र एकमत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १३९४ बाळांच्या चाचणीत तो टळला नाही.

(३) डॉक्टरांनी स्टेरॉईडचे मलम दिल्यास भिऊन अर्ध्यावर सोडू नये. सांगितले तेवढे, सांगितले तितके दिवस लावावे. ही मलमे १९५२ पासून वापरात आहेत आणि योग्य रीतीने वापरली तर सुरक्षित आहेत. शेजारणीच्या मुलाचे मलम मात्र आपल्या मुलाला लावू नये.

(४) सुती कपडे, कापलेली नखे, फार ऊब नको.

(५) पिवळी खपली धरली, ताप आला किंवा दुखरे फोड एकदम उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शेवटची गोष्ट वडीलधाऱ्या भगिनींसाठी. आपण स्वतः मुले वाढविली आहेत, रात्री जागविल्या आहेत. येत्या शब्बाथला लाल गालांचे बाळ मांडीवर आले तर "काय खाल्लं होतंस?" हे विचारू नये. "रात्री झोपतो का ग? आणि तुला झोप मिळते का?" असे विचारावे. आणि उत्तर "नाही" असे आले, तर बाळाला घेऊन दोन तास बाहेरच्या खोलीत बसावे व तिला आत निजू द्यावे. आमच्या माहितीत याहून स्वस्त औषध नाही, आणि ते देण्यास कुपात होलीमची चिठ्ठी लागत नाही.

सर्व मातांना व बाळांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.